धुतलेला सांबार

भोपाळात आलो त्या हिवाळ्यात मी रोज सकाळी हिरव्यागार भाजीकडे बघून चिडत असे. लोकांना ती भाजी बघून भूक लागायची, माझं डोकं फिरायचं. छप्पन साली राज्यांची नव्यानं आखणी झाली, नागपूरची राजधानी गेली आणि आमच्या कचेऱ्या टेबलखुर्च्यांसकट भोपाळला हलल्या. त्या सामानात मीही आलो. नागपुरात मी आरोग्य खात्यात निरीक्षक होतो. इथे मला सरकारी भाजी-केंद्रावर नेमलं.

काम साधं होतं. करोंदकडच्या मळ्यांतून बैलगाड्या यायच्या, माल उतरायचा आणि मी तो तपासायचा. चांगला माल इस्पितळाला, वसतिगृहांना आणि आमच्या नव्या क्वार्टर्समधल्या दुकानाला जायचा, वाईट माल आल्या वाटेनं परत. टमाटा दाबून बघायचा, बटाटा कापायचा, कोबीची पानं उलगडून आत डोकवायचं, पपई देठाशी हुंगायची. हे मला येत होतं, आणि येतं याची घमेंडही होती. शंका असलेला माल पुढे सोडायचा नाही, एवढा एकच नियम मी पाळत आलो होतो. मळेवाले मला खडूस म्हणायचे. मी होतोच खडूस.

संक्रांतीच्या सुमारास क्वार्टर्समध्ये तापाची साथ सुरू झाली. आधी एका घरी, मग एकाआड एक घरी. कुणाला मुदतीचा ताप, कुणाला जुलाब. मग माझ्याच बायकोनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी मुदतीचा ताप सांगितला आणि औषधाच्या गोळ्या गावात मिळेनात. नागपूरला माणूस पाठवून त्या मागवेपर्यंत माझ्या जिवाचं पाणी झालं. त्या परमुलखात आम्हाला नातेवाईक नव्हते. होत्या फक्त शेजारच्या मावशी. त्यांचा मुलगा माझ्याच बरोबरीनं बदलून आला होता. मी केंद्रावर गेलो की मावशी येऊन माझ्या बायकोपाशी बसायच्या, तिचे केस विंचरायच्या, नागपूरच्या गोष्टी सांगायच्या. सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं त्यांनी केलं. हे मी आजही म्हणतो.

साथ कुठून आली हे मला कळत नव्हतं. नळाचं पाणी अख्ख्या शहराला तेच होतं, ताप फक्त आमच्याकडे. मग एके सकाळी पालेभाजीच्या ढिगापुढे उभा असताना पहिल्यांदाच मनात आलं, की करोंदपासून धुळीच्या रस्त्यानं आलेली मेथी इतकी ओली आणि चकचकीत कशी? दुसऱ्या दिवशी पहाट सरल्यावर मी सायकल काढून गाड्यांच्या वाटेनं उलटा गेलो. गावाच्या वेशीवर नाला होता. मळेवाले गुडघाभर पाण्यात उभे राहून मेथीच्या, पालकाच्या, सांबाराच्या जुड्या त्यात बुचकळून काढत होते. आम्ही नागपूरकडचे कोथिंबिरीला सांबार म्हणतो. नाल्याच्या वरच्या अंगाला म्हशी बसल्या होत्या, आणि त्याच्याही वर वस्तीतली सगळी घाण पाण्यात उतरत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काठावरूनच ओरडलो. एक म्हातारा मळेवाला पाण्यातून बाहेर आला आणि शांतपणे म्हणाला, "साहब, आप ही के लोगों के लिए धोते हैं. पहले कौन धोता था? यहाँ का आदमी तो मिट्टी वाली भाजी ही ताज़ी मानता है. आपकी बाइयाँ मिट्टी देखकर लौटा देती हैं."

ते खरं होतं. आमच्या बायकांना मातीनं माखलेली जुडी म्हणजे शिळा माल वाटे. नागपुरात भाजीवाली विहिरीवर जुड्या धुऊन आणायची. इथे विहीर नव्हती, नाला होता.

त्या दिवसापासून ओली पालेभाजी मी परत पाठवायला लागलो. मातीसकट आणा, म्हणालो. चार दिवसांत क्वार्टर्सच्या बायकांचं शिष्टमंडळ केंद्रावर आलं. इतकी घाण भाजी आम्ही जन्मात पाहिली नाही, म्हणाल्या. मी नाल्याचं सांगितलं तर एकीनं मला ऐकवलं, "अहो, आम्ही काय न धुताच चिरतो होय?" तक्रार वर गेली. वरिष्ठांनी मला बोलावलं. ते इथलेच होते, स्वभावानं भले होते, आणि म्हणूनच त्यांच्याशी नीट भांडताही येत नव्हतं.

"निरीक्षक साहब," ते म्हणाले, "यही भाजी अस्पताल और हॉस्टल वाले भी खाते हैं. बीमार सिर्फ आप नागपुर वाले पड़ रहे हैं. तो खोट भाजी में है या आप लोगों में?"

मी केंद्रावर एक नळ मागितला, म्हणजे भाजी तिथेच स्वच्छ पाण्यात धुता आली असती. ते हसले. माणसांना प्यायला पुरत नाही आणि तुम्ही मेथीला आंघोळ घालायला निघालात, म्हणाले. ओला माल घ्यायचा, असा हुकूम झाला.

खोट कशात आहे याचं उत्तर मला घरी ताटावर मिळालं. वरणावर मी स्वतःच्या हातानं चिरलेला सांबार पेरत होतो आणि हात तिथेच थांबला. इथले लोक पालेभाजी खातात ती चांगली रटरटा शिजवून. आम्ही काय करतो? पोह्यांवर कच्चा सांबार, भातावर कच्चा सांबार, कच्च्या मेथीत कांदा आणि तेल कालवून घोळाणा, मुळ्याच्या पाल्याची कोशिंबीर. अख्ख्या भोपाळात नाल्याचं पाणी कच्चं खाणारे आम्हीच होतो. मला हसू आलं आणि लगेच रडू फुटलं. आतल्या खोलीत बायको तापानं फणफणत होती.

मग मी दारोदार फिरलो. कच्चं खाऊ नका, शिजवा, काही दिवस सांबार वरून घालूच नका. हातापाया पडायचा तेवढा पडलो. बायका पदराआड हसल्या, पुरुषांनी मला चहा पाजला आणि विषय बदलला. मावशींनी तर कपाळाला हातच लावला. "बाप्पा! सांबाराशिवाय का माणूस जेवते, भाऊ?" त्यांचा माझ्यावर जीव होता, पण भाजीतलं मला काही कळतं यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. पुरुषाला स्वयंपाकघरातलं काय कळणार! केंद्रावर माझ्या शब्दावर टमाट्या-बटाट्याच्या गाड्या परत जात होत्या, आणि आमच्या गल्लीत माझ्या शब्दाला काडीची किंमत नव्हती.

गोळ्या आल्या. ताप उतरायला लागला. बायको उशीला टेकून बसली, आरसा मागितला, मी किती वाळले म्हणून रुसली. मला वाटलं, सुटलो. त्या दिवशी केंद्रावर मी एकाही मळेवाल्यावर खेकसलो नाही.

दोन-तीन दिवसांनी दुपारी घरून बोलावणं आलं. ती उलट्या-जुलाबांनी गळून गेली होती. अंगात आधीच काही उरलं नव्हतं, डोळे खोल गेले होते, हात गार पडत होते. डॉक्टरांनी सलाइन लावलं. पोटात काहीतरी गेलं असणार, म्हणाले. काय गेलं ते सांगता येत नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत ती गेली.

मी देवाला शिव्या दिल्या, नव्या राज्याला दिल्या, नाल्यालाही दिल्या. चूल पेटवावीशी वाटेना. मावशीच दोन वेळचं पाठवायच्या, पण स्वतः येत नव्हत्या. त्यांनाही दुःख झालंय, असं मी समजलो.

तेरावं झाल्यावर एका दुपारी त्या आल्या. बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊ, तिच्या तोंडाला चव नव्हती," त्या म्हणाल्या. "मऊ भात नको नको म्हणत होती. मी वरून चिमूटभर सांबार घातला. तीन पाण्यानं धुतला होता मी. दोन घास जास्त जेवली हो पोरगी, हसली. खरं सांगा भाऊ, माझ्या हातून गेली का ती?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. मला खात्री तरी कुठे होती? डॉक्टरांनाही नव्हती. ती तापानंच इतकी पोखरली होती, की कशानंही गेली असती. नाही म्हटलं असतं तर म्हातारी माझ्या गळ्यात पडून रडली असती आणि मीही रडलो असतो. पण मावशींच्या घरी त्यांची नातवंडं होती. दुकानात अजून तोच ओला, चकचकीत सांबार येत होता. मी नाही म्हटलं असतं तर त्या समाधानानं घरी गेल्या असत्या आणि संध्याकाळी मुलांच्या वरणावर तो पेरला असता.

"हो, मावशी," मी म्हणालो.

त्या रडल्या नाहीत. पदर सावरला आणि गेल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी घरातला सगळा पाला उचलून बाहेर टाकला आणि घरोघर जाऊन स्वतः सांगितलं, की माझ्या हातून असं झालं, तुम्ही कच्चं खाऊ नका. बायकांनी त्यांचं ऐकलं. क्वार्टर्समध्ये सांबार फोडणीत जायला लागला, घोळाणा बंद झाला, साथ हळूहळू ओसरली. त्यांच्या नातवंडांना काही झालं नाही. वरिष्ठांनी मला बोलावून सांगितलं, देखिए, हवा मानवली की तुमच्या लोकांना.

मावशी पुन्हा माझ्या घरी आल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या की मान खाली घालून पलीकडून जायच्या. मी हाक मारायचो, त्या थांबायच्या नाहीत. आणि त्या अख्ख्या गावात जिच्यापाशी बसून मला माझ्या बायकोसाठी रडता आलं असतं, अशी ती एकटीच होती.