पोत्यावरचं अठरा

बारावीला रसायनशास्त्र शिकवायची ती जागा माझी होती. मुलाखतीत उत्तरं मी दिली, नेमणूक दुसऱ्याची झाली. कारण विचारायला गेले, तर संस्थेच्या माणसानं चहा पुढे केला. तो मी प्यायले नाही. एम.एस्सी. बाजूला ठेवलं, बी.एस्सी.च्या कागदावर खतविक्रीचा परवाना काढला आणि रिठदला दुकान टाकलं. घासाघीस मला कुणी शिकवावी लागली नाही.

ज्याला ती जागा मिळाली, त्याचेच विद्यार्थी आता संध्याकाळी अडलेली गणितं घेऊन माझ्या काउंटरवर येतात. फी घेत नाही, पण सौदा ठरलेला आहे: एक पायरी माझी, एक तुमची. उतारावरचा ठोकळा असो की इंटिग्रेशन, नुसतं उत्तर मागणाऱ्याला मी हाकलते. तरी मनात असतंच, की ही मुलं इथलं सगळं बघून तिकडे सांगत असणार.

गेल्या पेरणीच्या तोंडावर त्यातलीच एक मुलगी आली. हुशार, कमी बोलणारी. दुकानात डीएपी घ्यायला शेतकरी उभे होते, दोघे बाकावर तंबाखू मळत बसलेले. तिनं काउंटरवर वही उघडली.

"काकू, डीएपीच्या सूत्रावरून नायट्रोजन काढला. एकवीस टक्के येते. पोत्यावर अठरा काहून लिवलं?"

अठ्ठावीस भागिले एकशे बत्तीस. हिशोब बरोबर होता, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. पेरणीच्या दिवसांत खताच्या दुकानात कुणी 'कमी' म्हटलं, की दुकानाचं नाव गेलं. गिऱ्हाईक शहानिशा करत बसत नाही, समोरच्या दुकानात जातं.

"कोणं पाठवलं तुले?"

"सर म्हणे, खताच्या दुकानात विचारा."

म्हणजे जागा घेऊन याचं पोट भरलं नव्हतं, आता दुकानावर डोळा.

"कारखान्यातला माल अगदी शुद्ध नसते. अठराची हमी देतात, तेवढंच पोत्यावर लिवतात. सांग तुह्या सरले."

मुलगी हलली नाही. "पण चुना लावून मळलं त अमोनियाचा वास आलाच पाह्यजे ना?"

"लावू द्या वयनी," बाकावरचा म्हणाला, "आमाले त तुमी दरसाल लावता."

सगळे हसले. मला तिच्या मुठीतली कागदाची पुडी दिसली. पुडीतून खताचे दाणे डोकावत होते. मी तिचं मनगट धरलं.

"माह्या पोत्यातून उचललं?"

"घरचं होय, काकू."

"घरचं? तुह्या बापानं औंदा माह्याकडून एक पोतं नेलं नाही!"

ते खरं होतं. खताच्या भावावरून त्याचं-माझं वाजलं होतं आणि मी त्याला सस्तं मिळेल तिथून घे म्हणाले होते. मुलगी पुडी तिथंच टाकून निघून गेली.

आता कुणी पोत्याला हात लावेना. सगळ्यांच्या नजरा पुडीवर. मी बाकावरच्याकडून चुन्याची डबी हिसकावली. आधी माझ्या पोत्यातले दाणे घेतले, चुना लावून तंबाखूसारखे मळले. डोळ्यांत पाणी आलं. तो तळवा एकेकाच्या नाकाखाली धरला. एक जण शिंकत बाहेर गेला. मग पुडीतले दाणे मळले. काही नाही. पुन्हा मळले. नुसता चुन्याचा वास.

"तिच्या बापानं गाडीतून खत विकत फिरते त्याच्याकडून घेतलं," बाकावरचा हळूच म्हणाला. "लय सस्तं भेटलं म्हणे."

तेव्हा उलगडलं: पुडीतला माल बनावट होता. पोरीनं घरी करून पाहिलं असणार, वास आला नाही, तर आपलंच काही चुकलं म्हणून मुळापासून विचारत होती. बापानं फुकटात तपासून घ्यायला पाठवलं असेल, ही शंका मात्र मी अजून सोडलेली नाही.

निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी बाप आला, मागे ती. त्याची पेरणी दोन दिवसांवर होती. मी डबी तिच्यापुढे सरकवली.

"कर. तुही पायरी राह्यली."

तिनं दोन्ही तळव्यांवर वेगवेगळं मळलं आणि बापाच्या नाकापुढे धरलं. माझ्या मालाला तो मागे सरला. त्याच्या मालाला पुन्हा पुन्हा वाकून हुंगत राहिला. मग सरळ उभा राहून म्हणाला, "वयनी, भाव काय लावता?"

"तवा सांगितला तोच."

"पोरीनं तुमच्या दुकानाची इज्जत राखली. काही त कमी करा."

"इज्जत मालानं राखली."

तो पुटपुटत पोती उचलायला गेला. मुलगी रेंगाळली.

"काकू, सरले काय सांगू?"

"सांग, दुकानात उत्तर भेटलं. आन् पुढचा प्रश्न घेऊन त्यानं स्वतः यावं."

तो अजून आलेला नाही. ती रोज येते. वहीत काय आहे ते मी नंतर बघते, आधी तिची मूठ बघते.