भोंगाबाईंचा घसा बसला तेव्हा

भोंगाबाई इंग्रजी शिकवायच्या, आणि त्या शिकवायला लागल्या की अख्खी गल्ली शिकायची. मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवणारी त्यांची शाळा एका बेकरीच्या वर होती. रस्त्यापलीकडे बाईंच्या यजमानांचं शिवणकामाचं दुकान. वर बाईंनी भूतकाळ सुरू केला की समोर मशीनवर बसलेले शिंपीबुवा गिऱ्हाइकाला म्हणायचे, "आज भूतकाळ आहे, डोकं चालायचं नाही. माप उद्या घेतो." पँट घालून बघायला आलेली माणसं अनियमित क्रियापदं फुकटात घेऊन घरी जायची.

हळू बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय, असं बाईंचं ठाम मत होतं. मनानं मात्र लोण्यासारख्या. कुणाचं वाक्य अडखळलं की त्यांनाच गलबलून यायचं, आणि त्या ते वाक्य त्याच्या वतीनं पूर्ण करून टाकायच्या. त्यामुळे वर्गात बोलायच्या त्या एकट्याच. बाकीचे माना डोलवायचे.

शहरातल्या इंग्रजीच्या शाळांची दरवर्षी तपासणी व्हायची आणि मग गुणवत्तेची क्रमवारी जाहीर व्हायची. बाईंची शाळा कायम तळाला. तिच्याखाली एकच शाळा होती, ती केव्हाच बंद पडलेली. संचालकांना हे फार झोंबायचं. यंदा त्यांनी चंगच बांधला.

"बाई, तपासनीस तुमच्याच वर्गात बसणार. रंगीत तालीम घ्या!"

तालीम दिवसभर चालली. कोणता प्रश्न, कुणी काय उत्तर द्यायचं, सगळं ठरलेलं. विद्यार्थी विसरायचे, बाई ओरडून आठवण करून द्यायच्या. संध्याकाळी दुकानाच्या दारात "अहो, चला" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली.

शिंपीबुवांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, माझं काही चुकलं का?"

घरी जेवताना त्यांना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. घड्याळ टिकटिकतं, हेच त्यांना लग्नानंतर पहिल्यांदा कळलं.

गुळण्या झाल्या, वाफ झाली, घसा काही उघडेना. सकाळी तपासनीसबाई वर्गात मागे येऊन बसल्या. हसू म्हणजे काय ते ठाऊक नसलेला चेहरा. भोंगाबाईंनी जीव मुठीत धरून फळ्यावर 'भूतकाळ' लिहिलं, काल काय झालं ते ओळखा म्हणून घशाकडे बोट दाखवलं आणि वाफेचं पातेलं ढवळल्यासारखे हात फिरवले.

"यू ड्रोव्ह बस?" बसड्रायव्हरनं विचारलं.

बाईंनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"यू शेव्ह्ड अ मॅन?" न्हाव्यानं नेटानं विचारलं.

पुढच्या बाकावर दोन जावा बसायच्या. सासूला कळणार नाही अशा भाषेत भांडता यावं, एवढ्यासाठीच त्या इंग्रजी शिकत होत्या. पातेलं बघताच धाकटी उसळली.

"यू बर्न मिल्क! येस्टर्डे!"

"बर्न नाही, बर्न्ट," थोरलीनं सुधारलं.

"बघा! स्वतःच कबूल केलं हिनं!"

"इंग्लिश, इंग्लिश!" न्हावी ओरडला.

मग काय विचारता! काचेची बरणी कुणी फोडली, सासूचे कान कुणी भरले, सगळं भूतकाळात बाहेर पडलं. ड्रायव्हर धाकटीच्या बाजूनं उठला, न्हावी थोरलीच्या. चूक कानावर पडली की बाईंचं तोंड उघडायचं आणि तसंच मिटायचं. मागे तपासनीसबाईंचं पेन थांबत नव्हतं.

निकाल लागला. 'विद्यार्थ्यांना बोलू देणारी शहरातली एकमेव शिक्षिका,' असा शेरा, आणि शाळा तळातून थेट तिसरी!

संचालकांचे पाय जमिनीवर ठरेनात. त्यांनी फर्मान काढलं, आजपासून एकाही शिक्षकानं वर्गात तोंड उघडायचं नाही. भोंगाबाईंचा आवाज नेमका त्याच दिवशी परत आला.

"सर, पण मी आता..."

"श्श! नंबर जाईल!"

शाळेत चिडीचूप झालं. एक सर वर्गात स्वेटर विणायला लागले. दुसऱ्यांनी घरून उशी आणली. विद्यार्थी पत्ते कुटू लागले. बाईंच्या पोटात शब्दांचा नुसता गोळा झाला. शेवटी एका दुपारी त्या तडक दुकानात आल्या आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला भविष्यकाळ शिकवायला लागल्या. त्यांच्यामागोमाग सगळा वर्गच रस्ता ओलांडून आला.

शिंपीबुवांना हरकत नव्हती, फक्त कामात मदत हवी होती. पँटची किनार दुमडताना त्यांनी बाईंना ओठांत टाचण्या धरायला दिल्या. टाचण्या तोंडात असेपर्यंत विद्यार्थी बोलायचे. संपल्या की बाई. शिवाय मशीनच्या खडखडाटात कुजबुजणं शक्यच नव्हतं, त्यामुळे लाजाळूतला लाजाळूही बेंबीच्या देठापासून इंग्रजी बोलू लागला.

तेवढ्यात तपासनीसबाई न सांगता शाळेत टपकल्या. शुकशुकाट बघून त्यांनी संचालकांना विचारलं, "कुणी वारलं का?"

संचालकांना इतकी सवय झाली होती, की त्यांनी उत्तरादाखल नुसतेच हातवारे केले.

इतक्यात समोरून आरोळी आली, "व्हॉट विल ही कट टुमॉरो?" तपासनीसबाई आवाजाच्या रोखानं निघाल्या. दुकानात शिरताच शिंपीबुवांनी त्यांना स्टुलावर उभं केलं आणि खांद्याला टेप लावला. जावांनी एका कोटाच्या रंगाबद्दल त्यांचं मत विचारलं, तेही इंग्रजीत. तपासनीसबाईंनी सांगितलं, तर थोरलीनं त्यांचं क्रियापद सुधारलं. त्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा हसू फुटलं.

नव्या क्रमवारीत शिवणकामाचं दुकान दुसऱ्या क्रमांकावर आलं. शाळा पुन्हा तळाला. प्रवेशासाठी लोक दुकानात फोन करू लागले. शिंपीबुवा आधी कंबर विचारायचे, मग फोन ठेवून द्यायचे.

संचालक पडेल चेहऱ्यानं दुकानात आले. "बाई, परत चला. बोला. हवं तेवढं बोला."

बाई गेल्या. पण दुकानात त्यांना एक चटक लागली होती. माणसांना मध्येच न तोडता बोलू दिलं तर ती पुढे काय सांगतात, हे ऐकायची. पहिल्याच दिवशी ड्रायव्हर उठला आणि बसमध्ये बकरी घेऊन चढलेल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगू लागला. वाक्यागणिक क्रियापदाचा मुडदा पडत होता. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"कंडक्टर आस्क, गोट टिकेट व्हेअर? ओल्ड मॅन क्राय. गोट गोएड टू लास्ट स्टॉप!"

बाईंनी डोळे मिटले, जिभेवर आलेलं 'वेंट' गिळलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"व्हेरी गुड," त्या म्हणाल्या. "अँड देन?"