शुद्ध केलेल्या सतरा कविता

लग्न होऊन मी नागपूरला आले तेव्हा इथली बोली मला कळायची, पण कानाला टोचायची. माझे वडील साताऱ्याकडे शाळेत मराठी शिकवत. घरात कुणी 'पानी' म्हटलं की ते जेवता जेवता थांबत आणि समोरच्याने 'पाणी' म्हटल्यावरच पुढचा घास घेत. इथे शेजारीण सहज विचारायची, "काहून वं, आज लवकर सैपाक करून राहिली?" मी हसून उत्तर द्यायची आणि मनातल्या मनात तिचं वाक्य नीट करून ठेवायची. ती सवय मला वाईट वाटत नव्हती. उलट तोच माझा एक गुण आहे, असं मला वाटायचं.

माझे पती ज्या शाळेत होते, तिथले ड्रॉइंग मास्तर एक हस्तलिखित मासिक काढत. लढाईची वर्षं होती, कागद मिळत नव्हता. शाळेच्या जुन्या परीक्षांचे पेपर ते घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मासिक लिहिलं जाई. प्रत एकच निघे. ती कापडी पिशवीतून घरोघर फिरे आणि महिन्याच्या शेवटी मास्तरांच्या महाल भागातल्या घरी परत येई. माझी एक चिठ्ठी मास्तरांच्या हाती पडली, त्यांनी अक्षर पाहिलं आणि पतींना म्हणाले, "तुमच्या घरी असं अक्षर आहे आणि आम्ही कोंबडीच्या पायांनी लिहून राहिलो." पुढच्या रविवारी मी त्यांच्या अंगणात जाऊन बसले.

तिथे एक नियम होता आणि तो मास्तरांच्या पत्नीने, वहिनींनी, घातलेला होता. रिकाम्या हाताने यायचं नाही आणि विकतचं आणायचं नाही. जे दारात उगवलं असेल किंवा स्वतःच्या हाताने केलं असेल तेच चालेल. वहिनी स्वतः मासिकाची शिवण घालत आणि परसातले दोडके वाटत. सदर भागातल्या एका दवाखान्यातले कंपाउंडर गोष्टी लिहीत. ते बाटलीत शाई करून आणत, बाभळीच्या शेंगांची. ती वाळली की किंचित तपकिरी दिसे. मासिक ज्याच्या घरी जाई तो ते परत पाठवताना पिशवीत काहीतरी घालून पाठवी. कधी मुंगवड्या, कधी लिंबं, कधी कुणी विणलेला रुमाल. पानांना हळदीचा वास यायचा. आमच्या दोन खोल्यांना अंगण नव्हतं. मी फुटक्या माठात पुदिना लावला आणि पहिल्या वेळी त्याची जुडी घेऊन गेले. वहिनींनी ती हुंगली आणि म्हणाल्या, "चालते वं. पण तुझं खरं देणं म्हंजे तुझं अक्षर."

कुही गावाहून येणारे, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांना मी त्याच दिवशी पाहिलं. उंच, काळेसावळे, धोतर गुडघ्याच्या जरा खाली, खांद्यावर गोणपाटाची पिशवी. धानाची चार एकर शेती होती. महिन्यातून एका रविवारी ते छोट्या लायनीच्या गाडीने इतवारी स्टेशनवर उतरत आणि चालत महालात येत. मास्तर एकदा त्यांच्या गावाकडे चित्रं काढायला गेले होते, तिथे बांधावर त्यांना कविता म्हणताना ऐकलं आणि घरी बोलावलं. भाऊ दुसरीपर्यंत शिकले होते. वाचता येई, पण लिहायला बसले की घाम फुटे. म्हणून ते कविता तोंडाने सांगत आणि मास्तर उतरवून घेत. मी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

पिशवीतून त्यांनी चिन्नोर तांदळाची पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मी नवीन म्हणून पहिला वाटा माझा. "घ्या बाई," ते म्हणाले, "पानी कमी घालजा. नवा हाय, गिच्च होते." मी त्या दिवशी घरी जाऊन भात केला. शेजारीण भिंतीपलीकडून विचारायला लागली, आज काय शिजून राहिलं म्हणून.

मग ते कविता सांगायचे आणि मी लिहून घ्यायची. डोळे मिटून, मांडीवर बोटाने ताल धरून सांगायचे. त्यांच्या बायकोवरची एक होती, धानाची रोपं चिखलात लावतात त्या रोवणीची. तिच्यातल्या दोन ओळी मला अजून आठवतात, कारण त्या मी पहिल्यांदा लिहिल्या:

चिखलात पाय तिचे, काहून थरथरून राह्यले,
आभाय भरून आलं का डोये भरून राह्यले.

मी कच्च्या कागदावर त्या तशाच उतरवल्या. घरी येऊन मासिकात पक्क्या अक्षरात लिहायला बसले आणि 'आभाय'वर हात थांबला. मासिक दहा घरांत जाणार. लोक हसतील, म्हणतील, खेडवळ. भाऊंना कुणी हसावं असं मला वाटत नव्हतं. त्यांचा तांदूळ मी खाल्ला होता आणि त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं मनापासून वाटत होतं. मी लिहिलं:

चिखलात पाय तिचे का बरे थरथरती,
आभाळ भरुनी आले की नेत्र भरुनी येती.

मला ते फार छान जमलं असं वाटलं. वृत्तही नीट बसलं होतं. कच्चा कागद चुलीत गेला, कारण दोन्ही बाजूंनी भरलेला कागद त्या काळात आम्ही असाच वापरत होतो.

पुढच्या महिन्यात अंगणात कंपाउंडरांनी तो अंक मोठ्याने वाचला. त्यांचा आवाज चांगला होता. भाऊ खांबाला टेकून बसले होते. कविता संपली तेव्हा मास्तर म्हणाले, "वा, काय गोडवा आला." भाऊंनी मान हलवली आणि मला विचारलं, "बाई, ही कोनाची हाय?"

"तुमचीच आहे, भाऊ. रोवणीची."

"हो का," ते म्हणाले. "चांगली हाय."

मग ते खाली वाकून पिशवीचं तोंड बांधू लागले. ते आधीच बांधलेलं होतं.

मला त्या क्षणी काही कळलं नाही. किंवा कळलं असेल आणि मी ते बाजूला सारलं असेल. त्या वर्षी त्यांनी मला एकूण सतरा कविता सांगितल्या आणि मी सतराच्या सतरा शुद्ध केल्या. ते कधी म्हणाले नाहीत, असं करू नका. फक्त सांगण्याची रीत बदलत गेली. डोळे मिटणं गेलं. बोटाचा ताल गेला. एखादा शब्द आला की माझ्याकडे बघायचे, जसं परीक्षेत पोर गुरुजींकडे बघतं, आणि स्वतःच म्हणायचे, "इथं तुम्ही तुमच्या मनानं घाला." मी आनंदाने घालायची.

दिवाळीनंतर त्यांनी सांगणं बंद केलं. विचारलं की म्हणत, "धान कापनीले आला, काही सुचून नाही राहिलं." पण येणं बंद केलं नाही. जवसाची चटणी आणत, लाखोळीची डाळ आणत, अंबाडीचा पाला ओल्या फडक्यात गुंडाळून आणत. मला दिवस गेले आहेत हे वहिनींकडून भाऊंना कळलं तेव्हा त्यांनी बायकोने केलेले मेथीचे लाडू आणले आणि सगळ्यांसमोर न देता जाताना माझ्या हातात दिले. "घरून पाठोले," एवढंच म्हणाले.

ते लाडू खाताना मला पहिल्यांदा शरम वाटली. का ते नीट सांगता येणार नाही. कदाचित त्या लाडवात डिंक जास्त आणि गूळ कमी होता. मला ते तसे आवडले नव्हते, तरी मी त्यांत वरून गूळ मिसळून बघितला नाही, जसे होते तसे खाल्ले. आणि खाता खाता ती रोवणीची ओळ आठवली, माझी नव्हे, त्यांची. ती किती नेमकी होती हे मला तेव्हा कळलं. 'भरून राह्यले' मध्ये ते डोळे अजून भरतच होते. माझ्या ओळीत ते नुसते डोळे होते, आणि तेही दुसऱ्याच कुणाचे.

मी ठरवलं की पुढच्या रविवारी त्यांना सांगायचं, भाऊ, माझं चुकलं, पुन्हा सांगा, जसं म्हणता तसंच लिहीन. पण त्या रविवारी ते आले नाहीत. त्यानंतरच्या वेळी पाहुणे आले म्हणून मी गेले नाही. मग बाळंतपणासाठी माहेरी गेले. तिथून पत्र लिहावं असं अनेकदा मनात आलं. पण ते आधी दुसऱ्याच कुणाच्या हाती पडेल, आणि अशी गोष्ट पत्रात कशी सांगायची, असं म्हणून लिहिलं नाही. मुलगी झाली. सहा महिन्यांनी परत आले.

मास्तर स्टेशनवर आले होते. टांग्यात बसल्यावर त्यांनी सांगितलं. भाऊ उन्हाळ्यात तापाने गेले. आठ दिवस अंथरुणावर होते. दवाखान्यात आणायचं ठरलं, त्याच सकाळी गेले. मास्तर म्हणाले, "तुला कळवलं नाही. बाळंतीण होतीस." मी मुलीच्या टोपड्याची नाडी सोडत आणि बांधत राहिले.

थंडी सुरू झाल्यावर वहिनी आणि मी कुहीला गेलो. मी ते सगळे अंक पिशवीत घेतले होते. वहिनींनी त्यांच्या हातची गोधडी घेतली होती. भाऊंची बायको माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती. ठेंगणी, हाताला धानाच्या पेंढीचे ओरखडे. तिने आम्हाला सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसवलं आणि पाणी दिलं. गोधडी उलगडून बघितली, टाके बोटांनी चाचपले आणि मांडीवर घेऊन बसली.

मी विचारलं, "भाऊ घरी म्हणत असत का कविता?"

"बांधावर म्हने," ती म्हणाली. "मी रोवत राहायची. कोन ध्यान देते, बाई? रोजचाच मानूस." मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "तुमी तं सारं लिवून घेतलं ना?"

मी म्हटलं, "हो."

"मंग वाचा. एक डाव हे वही घरी आली होती, तवा त्यानं मले वाचून दाखोली. मले काही समजली नाही. मी म्हनलं, हे कोन बाई हाय, हे नेत्र का काय ते? तो म्हने, तूच हायस. मी लय हासली." ती आताही थोडी हसली. "तो नाही हासला."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मी अंक उघडला. रोवणीची कविता मी बघून वाचली नाही. त्यांच्या दोन ओळी जशा आठवत होत्या तशा म्हटल्या. तिचा गोधडीवरचा हात थांबला. "हे त्याचं हाय," ती म्हणाली. "पुढं सांगा." पण पुढच्या ओळी मला त्यांच्या शब्दांत आठवत नव्हत्या. माझेच शब्द समोर होते. मी प्रत्येक शब्द उलटा करून त्यांच्या बोलीत न्यायचा प्रयत्न करू लागले. 'वायु' होतं तिथे काय असेल? ती म्हणाली, "वारं म्हनत असन." 'संध्यासमय'? "झाकट. तो झाकट म्हने." मी पेन्सिलीने समासात लिहीत गेले. काही शब्द तिने चटकन दिले. काही ठिकाणी ती बराच वेळ विचार करायची आणि मान हलवायची. एका ठिकाणी मी 'मंद सुगंध' लिहिलं होतं. तिथे त्यांनी धानाच्या फुलोऱ्याच्या वासाचा एक शब्द वापरला होता, एवढं मला आठवत होतं. तो मी आयुष्यात तेव्हाच पहिल्यांदा ऐकला होता आणि अर्थही विचारला नव्हता. तिला तो सांगता आला नाही. "आमच्याकडं तसे लय शब्द हायेत, बाई," ती म्हणाली. "कोनता ते मले कसं समजन?"

सतरा कवितांमध्ये मिळून आम्हाला तीस-पस्तीस शब्द सापडले. बाकी माझे राहिले.

मग तिने आम्हाला जेवायला वाढलं. भात आणि अंबाडीची भाजी. मी नको म्हणत होते तर ती म्हणाली, "त्यानं पेरलेला हाय. बसा." आम्ही बसलो. ती समोर बसून आम्ही खातो ते बघत होती. मधेच मला म्हणाली, "तुमचं अक्षर चांगलं हाय. तो म्हने, बाईचं अक्षर मोत्यावानी हाय." मी हातातला घास ताटात ठेवला. मी तिला खरं काय झालं ते सांगितलं, मीच शब्द बदलले, त्यांना न विचारता. तिने ऐकून घेतलं. रागावली नाही, समजूतही घातली नाही. "त्याले आवडलं नसन," एवढं म्हणाली आणि माझ्या ताटात भात वाढला.

परतीच्या गाडीत वहिनी म्हणाल्या, "आम्ही सारे तिथंच बसून होतो वं. कोनी बोललं नाही. मलेही ते तुझं गोड वाटलं होतं."

मासिक त्यानंतर वर्षभर चाललं. मग कंपाउंडरांची बदली जबलपूरला झाली आणि मास्तरांची नजर अधू झाली. शेवटच्या रविवारी वहिनींनी अंक वाटून दिले. भाऊंच्या कवितांचे अंक कुणी मागितले नाहीत, ते माझ्याकडे आले. कुहीला मी आणखी एकदा गेले, तेव्हा घराला कडी होती. शेजारी म्हणाले, शेत दिराकडे देऊन ती भावाकडे गेली, पवनीच्या बाजूला कुठेतरी. गाव कुणाला नीट सांगता आलं नाही.

मी पुढे अनेकांना धानाच्या फुलोऱ्याच्या वासाचा तो शब्द विचारला. धान पिकवणाऱ्यांना, बाजारात आलेल्या बायकांना. प्रत्येकीने वेगळा शब्द सांगितला आणि प्रत्येकीचा बरोबर वाटला. समासात ती जागा मी मोकळी ठेवली आहे.