उत्तनला नेलेले सहा कागद

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे हा प्रवास कशासाठी केला ते कळेल.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या रक्ताच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. भाईंदर पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा हा शब्द धड उच्चारताही कोणाला येत नव्हता. डॉक्टरांनी तळलेलं, लोणी, साय, बेकरीचं बंद करायला सांगितलं. माझी बायको सुमन हिने त्याच संध्याकाळी तेलाच्या बरणीत चहाचा चमचा टाकला आणि कढई माळ्यावर चढवली. त्यानंतर तीन महिने आमच्या घरी पुरी झाली नाही, भजी झाली नाहीत. आणि ते तीन महिने मी ऑफिसातून येताना केबिन रोडवर उभा राहून फाफडा खात होतो.

दुसऱ्या तपासणीत आकडा आणखी वर गेला. डॉक्टर मला सोडून सुमनला म्हणाले, "वहिनी, हात जरा आखडता घ्या. तुम्ही घालाल तेच यांच्या पोटात जाणार ना?" सुमन काही बोलली नाही. मीही बोललो नाही. भिंतीवर हृदयाचं रंगीत चित्र होतं, त्याकडे बघत बसलो.

याहून वाईट पुढेच आहे. आठवडाभरात मला मनापासून वाटायला लागलं की फाफडा तर कोरडा असतो, बोटांना तेलसुद्धा लागत नाही. दोष कदाचित घरच्या भाजीतच असेल. सोमवारी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं. त्याआधी मला खरं काय ते बघायचं होतं. शाळेत गुरुजींनी एक प्रयोग दाखवला होता. पदार्थ कागदावर घासायचा आणि कागद उजेडात धरायचा. जिथं स्निग्धांश असेल तिथं कागद काचेसारखा होतो. रविवारी सकाळी मी सहा कोरे कागद पिशवीत टाकले आणि सुमनला म्हणालो, "उत्तनला जाऊन येतो. सुकी मासळी बघतो."

तिने कशाला, कोणाबरोबर, काही विचारलं नाही. डबा हातात दिला आणि म्हणाली, "ऊन आहे, टोपी घाला."

पहिला मुक्काम अर्थात केबिन रोड. फरसाणवाले रमणीकभाई मला बघून हसले. "साहेब, आज सुबह सुबह? शाम तक रहा नहीं गया?"

एक फाफडा घेऊन मी कागदावर चुरडला, तसे ते वाकून बघायला लागले. मी विचारलं, "रमणीकभाई, ये तो सूखा है. इसमें तेल कितना?"

"सूखा दिखता है, वही तो कारीगरी है," ते म्हणाले. "आटे में मोण (पीठ भिजवताना घालतात ते मोहन) डालता हूँ, फिर तेल में तलता हूँ. अंदर भी तेल, बाहर भी तेल. आपको इतने दिन क्या लगा, हवा खा रहे हो?"

कागद उजेडात धरला. त्यातून त्यांच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं दिसत होती. शेजारच्या भट्टीवर भाजलेले चणे घेतले, दुसऱ्या कागदावर कुस्करले. तो जवळपास कोराच राहिला. खाताना दोन्ही सारखेच कुरकुरीत. जिभेला जे कळलं नव्हतं ते कागदाला कळलं, आणि मला, कबूल करतो, शाळेतल्यासारखी मजा वाटायला लागली.

रेल्वेचा पूल ओलांडून भाईंदर पश्चिमेला आलो. बसला वेळ होता म्हणून बेकरीतून एक खारी घेतली. पापुद्रे फुंकरीनं उडतील इतकी हलकी. पण तिसरा कागद दुधी काचेसारखा झाला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण खारी नेतो, तेही आठवलं.

बस मिठागरांच्या मधून निघाली. दोन्ही बाजूंना पांढरे ढीग, मध्ये आभाळ साठलेलं पाणी. राई, मोर्वा, मग डोंगरी अशी गावं मागे पडली. चढावर खिडकीतून वारा आला आणि त्याबरोबर मासळीचा वास. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला. मी खिडकी आणखी उघडली.

उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत होते. वलांड्यांवर (बांबू आणि दोऱ्या बांधून केलेल्या मांडवांवर) जोडीजोडीनं टांगलेले, वाऱ्यावर हलणारे. मी खारीचा कागद पुन्हा बघायला म्हणून काढला आणि तो हातातून उडून थेट बोंबलांत अडकला. खाली मासळी निवडत बसलेल्या एका मावशींनी तो काढला. गळ्यात क्रूस, कमरेला खोचलेलं लुगडं.

"बोंबील सुकवायची जागा हाय ही, कागदं न्हाय," त्या म्हणाल्या.

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. फाफड्यापाशी जरा अडखळलो, पण अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. मावशींचं नाव रोझी. त्यांनी स्वतःच एक सुका बोंबील माझ्या चौथ्या कागदावर घासला. काही उमटलं नाही. मग टोपलीतल्या ताज्या बांगड्याचा तुकडा पाचव्यावर दाबला. कागद लगेच चमकला.

"बांगडा तेलाचाच मासा," त्या म्हणाल्या. "पन ते तेल त्याचं सोताचं हाय. तू तळतंस तेव्हा कढईतलं त्याच्यावर चढतं. कालवन करून खा की." मग पिशवीकडे बोट केलं. "डब्यात काय हाय?"

"बायकोनं दिलंय. फुलके आणि दुधीची भाजी."

"ते न्हाय घासलंस?"

सहावा कागद मी त्यासाठीच आणला होता, आणि तो काढायचं सकाळपासून टाळत होतो. भाजी ठेवून दाबली. मोठा गोल डाग पसरला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. "बघा मावशी, केवढा."

"थांब की जरा. पानी हाय का तेल हाय, ते ऊनच सांगल."

त्यांनी कागदावर दगड ठेवला आणि तो उन्हात सोडला. बाजूला फाफड्याचा कागद. मी फुलका हातात धरून बसलो, खाल्ला मात्र नाही. थोड्या वेळानं दगड उचलला. दुधीचा डाग सुकून गेला होता. मध्ये मोहरीएवढा एक ठिपका तेवढा राहिला होता. तो फोडणीचा एक चमचा. फाफड्याचा कागद मी समोर धरला, तर त्यातून समुद्र दिसत होता, नांगरलेल्या होड्यांसकट.

"बायको पन हेच खाते?" मावशींनी विचारलं.

"हो."

"तिला पन तुझी बिमारी हाय?"

"नाही."

मावशी उठून वलांडीवरचे बोंबील उलटे करायला लागल्या. मी तो सगळा डबा तिथेच बसून संपवला. सुमन मालवणची. खोबऱ्याच्या वाटपाशिवाय तिचा घास उतरत नसे. माझ्यासाठी वेगळं आणि स्वतःसाठी वेगळं तिने एकदाही केलं नव्हतं. तीन महिन्यांत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये पिशवीत बोंबलांची जुडी होती आणि मांडीवर कागद. कोरडं ते बिनतेलाचं असं नाही, ओलं ते तेलकट असं नाही, हाताला हलकं ते पोटाला हलकं असं नाही, एवढं शिकलो होतो. पण सोमवारी डॉक्टरांना काय सांगायचं ते कागदावर कुठं उमटलं नव्हतं.

घरी आल्यावर फाफड्याचा कागद स्वयंपाकघराच्या खिडकीत धरला. म्हणालो, "हा केबिन रोडचा. मी रोज खात होतो."

सुमन बोंबलांचा वास घेत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचे रुमाल मीच धुते. फाफड्याच्या चटणीतली हळद साबण लागला की लाल होते."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग डॉक्टरांसमोर बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

एवढं म्हणून तिने बोंबील भिजत घातले.

सोमवारी आम्ही त्याच दोन खुर्च्यांवर बसलो. डॉक्टरांनी फाइल उघडली आणि ते सुमनकडे वळले. "काय वहिनी, तेल कमी केलंत का?"

मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. "डॉक्टर, हा हिच्या भाजीचा, आणि हा मी रोज बाहेर खायचो त्याचा. मागच्या वेळी तुम्ही हिला बोललात तेव्हा मला हे माहीत होतं. मी गप्प बसलो."

मग तिच्याकडे वळलो. घरी पुष्कळदा मनात म्हणून ठेवलेलं वाक्य आठवेना. जे आलं ते म्हणालो, "सुमन, ते बोलणं मी ऐकून घ्यायला हवं होतं, ते मी तुला ऐकू दिलं. तू माझ्यासाठी बेचव जेवलीस आणि मी तुझ्याच भाजीवर संशय घेतला. माझं चुकलं. मला माफ कर."