कडक भाकरीची टिचकी

आमची ही गेली त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं नवराबायको कडक भाकरी निवडत बसलो होतो. नखानं टिचकी मारायची, आवाज ऐकायचा, मऊ निघाली की बाजूला. एक जरी मऊ गेली तरी सगळी पिशवी खराब. मी चांगल्यात टाकलेल्या दोन हिनं उचलून मऊत टाकल्या.

"अवो, कान कुटं हायेत तुमचं?"

"तुजं ऐकून ऐकून गेले."

हसली. संध्याकाळी छातीत दुखलं. बास.

सोलापुरातला आमचा कडक भाकरीचा कारखाना हिनंच उभा केलेला. ही गेल्यावर तीन महिन्यांनी पोरानं बेत काढला, निवडीला एआय आणायचं. कॅमेरा बघणार, खराब भाकरी काढणार. निवडीवरच्या तिघी बायकांना एक तारखेपासून घरी बसवायचं. तिघी हिच्या हाताखाली तयार झालेल्या. माझं डोकंच फिरलं.

पुण्याच्या मशीन कंपनीचे साहेब कॅमेरा घेऊन आले. म्हणाले, "काळे डाग दिसले की मशीन भाकरी बाजूला काढेल."

"साहेब, डाग म्हंजी नीट भाजल्याली. तुमचं मशीन कच्ची निवडंल."

पोरगा म्हणाला, "आबा, तुम्हाला यातलं काय कळतंय?"

"चौथी शिकलोय मी. भाकरीतलं कळतं की!"

कॅमेऱ्यानं पास केलेल्या वीस भाकऱ्या मांडायला लावल्या. तिघींतल्या थोरलीला बोलावून पाठमोरी बसवली. साहेब टिचकी मारत गेले, ती मान न वळवता सांगत गेली. कडक. कडक. मऊ. सहा मऊ निघाल्या. मोडायला घेतल्या तर सहाच्या सहा वाकल्या. बाकीच्या काडकन मोडल्या.

साहेबांनी एक वाकलेली भाकरी उचलून कानाशी धरली, टिचकी मारली. मग हसून म्हणाले, "कॅमेरा नको, माइक लावू. मशीनला आवाज शिकवू."

"आन शिकवनार कोन? तुमी?"

पोरानं खाली बघितलं. "ह्या तिघी, आबा. मशीनवर पण ह्याच बसतील."

साहेबांनी तिथंच बेत नव्यानं लिहून काढला. आयुष्यात माझी एवढी छाती कधी फुगली नव्हती. घरी जाऊन सांगायला ही नव्हती, एवढंच.

तिघींतली धाकटी त्या दिवशी कामावर आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच स्कूटर काढली आणि तिच्या दारात गेलो. ती डबा घेऊन टॉवेलच्या कारखान्यात काम मागायला निघालेली.

"कुटं निघालीस?"

"पोट हाय की, आबा."

"टॉवेल ऱ्हाऊ दे. मशीनला मास्तरीण पायजे. बस मागं."