आपले किती

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर घाटकोपरच्या आमच्या वस्तीत एका मोफत वाचनालयात रोज संध्याकाळी वर्तमानपत्राचं जाहीर वाचन चाले. वाचणाऱ्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणत. ऐकणारे बहुतेक साकीनाक्याच्या वर्कशॉपमधले, अक्षरओळख नसलेले किंवा कामानं डोळे थकलेले. नियम एकच होता : छापलंय तेवढंच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही.

पंजाब, आसाम ही नावं वस्तीत पहिल्यांदा ऐकू आली ती वाचनालयाच्या सतरंजीवर. तिकडे पूर आला की इथे मदतीचा डबा फिरे. आसाम कुठे आहे, हे बहुतेकांना माहीत नव्हतं. तरी सगळे ‘आपल्याकडे पूर आलाय’ असंच म्हणत.

त्या संध्याकाळी पहिल्या पानावर शेजारच्या शहरातल्या दंगलीची बातमी होती. लेथवर काम करणारे चाचा नेहमीसारखे भिंतीला टेकून बसले होते. सतरंजीवर ते एकटेच मुसलमान. बाईंनी ‘दोन गटांत’ असं वाचलं, मोहल्ल्यांची नावं वाचली, मग मृतांचा आकडा वाचला.

कोकणातून आलेला एक फिटर म्हणाला, ‘‘बाई, त्यात आपले किती?’’

‘‘आकडा एकच दिलाय.’’

‘‘तसं नाही ओ. आपले किती नि त्यांचे किती?’’

‘‘छापलेलं नाही.’’

‘‘छापत नाहीत, पण ठाऊक असतं ना सगळ्यांना! चाचांना विचारा, त्यांना असेल खबर.’’

कुणी हसलं नाही. मी चाचांच्या शेजारी होतो. ते फिटरकडे न पाहता बाईंना म्हणाले,

‘‘बाई, मोहल्ल्यांची नावं परत वाचा ना.’’

बाईंनी नावं सावकाश वाचली. तिसऱ्या नावाला चाचांनी हात वर केला. बाई थांबल्या.

‘‘कोण असतं तिथं?’’

‘‘भाऊ. धाकटा. लूमवर आहे.’’

बाईंनी बातमी पुन्हा वरपासून खालपर्यंत नजरेखालून घातली. ‘‘मेलेल्यांची नावं नाहीत यात. पुढचं वाचू?’’

‘‘वाचा.’’

बाजारभाव झाले, क्रिकेट झालं. चाचा शेवटपर्यंत बसले. तोवर दुसरंही कुणी उठलं नाही.

भाऊ सुखरूप असल्याचं पोस्टकार्ड पुढच्या आठवड्यात आलं. ते बाईंनीच वाचून दाखवलं. फिटर त्यानंतरही रोज येत राहिला, पण बाहेर खिडकीपाशी उभा राहून ऐकायचा. त्याला आत ये असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.