शेठच्या फुप्फुसातल्या गाठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पत्रकात तर नाहीच — आणि मी पत्रकात काय लिहायचं सोडलंय?

वडील युनियनचे. माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरंसुद्धा निषेधाच्या पत्रकांची. त्यामुळे रावेतमध्ये लग्नांत मिरवणारा ‘शेठ’ नावाचा उंट धापा टाकत मेला, तेव्हा संध्याकाळच्या आत मी छापून मोकळा — ‘उंटाचा खून! खुनी — कारखान्याचं सांडपाणी!’ शेठ नाल्याकाठी बांधलेला असायचा. आणखी पुरावा कशाला?

पण मी नोकरी कुठे करतो? चिखलीत, जनावरांच्या लॅबमध्ये. शेठची फुप्फुसं आमच्याकडेच आली. पाण्यानं भरलेल्या पांढऱ्या गाठी. त्यांचे पातळ काप मीच काढले, रंगवले, काचेवर चढवले. लॅबच्या डॉक्टर मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं — गाठीच्या भिंतीला कांद्यासारखे पापुद्रे, आत आकडे असलेली चिमुकली डोकी.

“कुत्र्याच्या पोटातला जंत,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी कुत्र्यांना कच्ची काळीज-फुप्फुसं खायला घालतंय. त्यांतल्या गाठींतून कुत्र्यांना जंत होतात. मग विष्ठेतली अंडी चाऱ्यात. वर्षानुवर्षांच्या गाठी आहेत. उंटवाल्या काकांना नीट समजावून सांग.”

कुणीतरी. म्हणजे — मटणाच्या दुकानातून रोज पिशवी आणून त्याच नाल्याकाठी रिकामी करणारा. ‘भटक्या कुत्र्यांनाही भूक असते’ हे पत्रक काढणारा. मीच.

काका बीडकडचे. आता एकटी मैना उरलेली, शेठची जोडीदारीण. “दादा, काय निघालं ओ? हिला तरी वाचवा.”

मी म्हणालो — कारखाना.

“मंग हिला कुठं बांधू?”

आमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर, मी ऐटीत सांगितलं. नाल्यापासून लांब. त्यांनी बांधली. मागोमाग कुत्रीही आली — पिशवी माझ्याकडेच होती ना? चाऱ्याच्या ढिगावर ऐसपैस झोपली.

हल्ली मी पिशवीतलं शिजवून घालतो. कुकरच्या शिट्ट्या ऐकून आई विचारते, कोण येणारे जेवायला? पण आधीचं काय? मैनेच्या आत काय वाढतंय? तिचे पातळ काप काढता येत नाहीत — जिवंतपणी तरी नाही.

काका गल्लीभर सांगतात, “या दादानं वाचवली हिला.” परवा त्यांनी खिशात जपलेलं माझं पत्रक कुणाला तरी दाखवायला काढलं. मैनेनं ते ओढून घेतलं आणि सावकाश चघळलं — खून, खुनी, उद्गारचिन्हं, सगळं. माझ्याकडे बघत.

काका हसले. मीही हसलो.